थंडीच्या सकाळी नऊ ते अकरा लहान मुलांना बाहेर राहू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की आपल्या वृत्तपत्रात किमान तापमानाचा आकडा ठळक टायपात येऊ लागतो. विदर्भात पारा घसरल्याच्या बातमीत नागपूरचे नाव बहुधा असतेच, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे नोंदले गेलेले ३.५ अंश सेल्सिअस तर अजून अनेकांच्या लक्षात आहे. बातमी म्हणून त्यात वावगे काही नाही. मात्र हा आकडा सूर्योदयाच्या आसपासचा असतो आणि त्याचा धाक दिवसभर पुरतो, असा बालवाडीतील नोकरीत माझा अनुभव आहे. आकडा एक अंकी झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात मुले कमी, आणि जी येतात त्यांच्या आयांचा निरोप ठरलेला: ‘बाई, आज याला बाहेर काढू नका.’ वस्तुतः नागपूरच्या हिवाळ्यात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात साधारण १५ अंशांचे अंतर असते. डिसेंबरात पहाटे १२-१३ अंश असले तरी दुपारी पारा २८ च्या आसपास जातो, आणि नऊ वाजून गेल्यावर उन्हात थोडा वेळ खेळलेले मूल कानटोपी स्वतःच काढून टाकते. किमान तापमानाच्या शेजारी सकाळी दहाचे तापमानही आपण छापू लागलात, तर पुष्कळ आयांचा जीव भांड्यात पडेल.

आपल्या शहरात लहान मुलांना मोकळ्यावर निसर्ग पाहता येईल असा काळ फार थोडा आहे आणि तो आपण हातचा घालवत आहोत, हे या पत्राचे कारण. मार्चच्या मध्यापासून ऊन तापू लागते; २३ मे २०१३ रोजी ज्या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तेथील उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना वेगळे काय सांगावे? जूनच्या मध्यानंतर पाऊस, चिखल आणि डास, ऑक्टोबरात पुन्हा उकाडा. उरतात ते दिवाळीनंतरचे तीन महिने. त्यांतही पहाट धुरकट असते आणि दुपारी जेवणानंतर लहान मुले पेंगू लागतात, म्हणजे खऱ्या उपयोगाची वेळ सकाळी नऊ ते अकरा एवढीच. योगायोग असा की, ही वेळ आता शाळांच्या हातात आलेली आहे. राज्य शासनाच्या ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. परंतु त्यामुळे दिवसातले सर्वांत चांगले दोन तास शिक्षिका आणि मुले यांच्या एकत्र वाट्याला आले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ते तास आपण ट्यूबलाइटखाली अक्षरे गिरवण्यात घालवतो.

डिसेंबर-जानेवारी हे स्नेहसंमेलनाचेही महिने. ध्वनिक्षेपकापुढे चार वर्षांच्या मुलांना सिनेमाच्या गाण्यावर हात हलवायला शिकवण्यात आठवडेच्या आठवडे जातात. (त्या गाण्यांचे शब्द पालकांनी एकदा लक्ष देऊन ऐकावेत, एवढेच सुचवते.) आणि बाहेर नेण्याचा विषय निघालाच, तर शाळांना सहलच सुचते. बस ठरते, पैसे गोळा होतात, दूरच्या ठिकाणी जायचे म्हणून मुलांना अंधारात उठवले जाते, आणि तेथे पोहोचल्यावर रांगेत हात धरून चालण्यापलीकडे त्यांना काही करू दिले जात नाही. त्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असले की मोर्चे आणि बंदोबस्त यांमुळे निम्मे शहर वळसे घालत असते आणि मुलांचा निम्मा दिवस बसच्या खिडकीत संपतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सहलीची गरज नसते. त्याला हवी असते चालत जाता येईल इतकी जवळची, पुन्हा पुन्हा जाता येईल अशी एकच जागा, आणि तेथे खाली बसून माती उकरायची मुभा. एकाच झाडाकडे दर आठवड्याला गेलेले मूल त्या झाडात झालेला बदल स्वतःहून सांगते. दूरच्या अभयारण्यात एकदा जाऊन आलेले मूल मात्र बसमध्ये काय खाल्ले ते सांगते.

एवढ्या जवळ पाहण्यासारखे काय आहे, असे पालक विचारतात. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात कोणत्याही मैदानाच्या हिरवळीवर, जेथे भिंतीची सावली पडते आणि दव उशिरापर्यंत टिकते, तेथे कोळ्यांची जाळी दिसतात. ती उभी, चाकासारखी नसतात. गवतावर रुमाल अंथरावा तशी आडवी पसरलेली असतात आणि त्यांच्या एका बाजूला नरसाळ्यासारखे खोल भोक असते. दव असेपर्यंत अशी जाळी डोळ्यांत भरतात. ऊन वर आले की दव उडून जाते आणि जाळी तेथेच असूनही दिसेनाशी होतात. ती आता कोठे गेली, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्यावर उत्तर देण्याऐवजी बाटलीतील पाणी बोटांनी अगदी हलके शिंपडले, तर जाळे पुन्हा दिसू लागते आणि कधीकधी भोकाच्या तोंडाशी कोळीही येतो. यासाठी लागते फक्त एक पाण्याची बाटली आणि गुडघ्यावर बसायला तयार असलेली बाई.

आघाडा आणि कुसळी गवत यांच्यासाठी तर मी एक अख्खी सकाळ ठेवावी असे म्हणेन. पावसाळ्यात हरतालिकेच्या पत्रीत असलेला आघाडा हिवाळ्यात वाळून उभा राहतो आणि त्याच्या उलट्या टोकांच्या बिया जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांना धरतात. मुलांच्या पायांत बुटांवरून मोठ्या माणसाचे जुने लोकरी मोजे चढवून त्यांना कुंपणाकडेच्या गवतातून एक फेरी मारू द्यावी आणि मग वर्तमानपत्रावर बसवून मोज्याला काय काय लागले ते वेचायला सांगावे. आघाडा, कुत्र्याच्या शेपटीसारख्या गवताची फुले, एखादा गोखरू, आणि कुसळ. झाड जागचे हलत नसताना त्याचे बी लांब कसे जाते, याचा धडा पुढे चौथी-पाचवीत येतो. येथे तो मोज्यातून बोटाला टोचतो. कुसळीचे बी एकेकाच्या तळहातावर ठेवण्यासारखे असते. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि मागे दोरीसारखी पिळलेली, मध्येच गुडघ्यासारखी वाकलेली लांब काळसर शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब टाकावा आणि वाट पाहावी. पीळ उलगडू लागतो आणि शेपटीचे वाकडे टोक सावकाश गोल फिरते. वाळल्यावर पीळ पुन्हा बसतो. रात्री दव आणि दिवसा ऊन, असे होत होत हे बी स्वतःला मातीत रोवून घेते. निर्जीव वाटणारी काडी हातावर हलू लागल्यावर मुलांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो पडद्यावरच्या कार्टूनला मी कधी ऐकलेला नाही. येथे एक सूचना मात्र आवश्यक आहे: कुसळीचे टोक डोळ्यांजवळ जाऊ देऊ नये, आणि एका वेळी एकाच मुलाच्या हातावर बी ठेवावे.

फुलपाखरे पाहायलाही हीच वेळ चांगली. थंडीत त्यांचे शरीर गार पडलेले असते आणि उडण्याचे स्नायू ऊब मिळाल्याशिवाय काम करीत नाहीत, म्हणून ती सकाळच्या उन्हात पंख पसरून बराच वेळ स्थिर बसतात. दुपारी ज्यांच्यामागे मुले धावून दमतात, त्या फुलपाखरांच्या पंखांवरील ठिपके सकाळी निवांत मोजता येतात. पाचोळ्यात बसणारे एक तपकिरी फुलपाखरू आहे, ते बहुधा तिन्हीसांजेला उडते. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात; कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीचे ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसते. पाचोळ्यातून चालताना एखादे ‘पान’ उठून दोन हात पुढे जाऊन पुन्हा पान होते, तेव्हा वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलालाही हळू चालण्याचे कारण पटते.

झाडांबद्दल थोडक्यात लिहिते. बुचाची पांढरी, लांब नळीची फुले थंडीच्या सुरुवातीस पडतात आणि नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याविना वेणी करता येते. हे काम आजीला येते, आईला बहुधा येत नाही. काटेसावरीची पाने झडलेली असतात, खोडावरचे जाड काटे जवळून पाहता येतात, आणि जानेवारीच्या शेवटी तिला कळ्या धरू लागतात. शाळेला वावभर जागा असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हरभरा पेरावा. डिसेंबरात त्याच्या कोवळ्या पाल्यावरून सकाळी बोट फिरवून जिभेला लावले की आंबट लागते, कारण पानांवरच्या सूक्ष्म केसांतून आम्ल पाझरते. शेतकरी पूर्वी पहाटे स्वच्छ फडके फिरवून ही आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर देत. जमिनीच्या तुकड्यावर औषध फवारलेले नाही याची खात्री असेल तरच हा प्रयोग करावा, आणि म्हणूनच पीक स्वतः पेरलेले असावे. नंतर मुलांना मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलायला द्याव्यात. हाताचे वळण सुधारायला गिरवण्याच्या वहीपेक्षा शेंग सोलणे मला नेहमीच अधिक कामाचे वाटत आले आहे.

ज्या शाळा तलावांच्या जवळ आहेत, त्यांचे तर भाग्यच म्हणावे लागेल. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर असे तलाव शहरातच आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्या काठी पाहुणे पक्षी उतरतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी म्हणून विदर्भात दीर्घकाळ वावरलेल्या मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. पण शाळांमधून या सप्ताहात होते ती पक्ष्यांच्या चित्रांची रंगभरण स्पर्धा, तीही वर्गात बसून. लहान मुलांना दुर्बिणीची गरज नसते, आणि खरे तर ती त्यांना धरताही येत नाही. त्यांना दाखवावेत ते जवळ येणारे आणि चालीवरून ओळखू येणारे पक्षी. काठावरच्या ओल्या मातीत शेपटी सतत वर-खाली करीत पळणारा परीट, कुंपणाच्या तारेवर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला काळाभोर वारकरी, चोचीवर पिवळा आणि लाल रंग असलेले हळदीकुंकू बदक. यांतले परीट आणि थिरथिरा हे उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येतात, हळदीकुंकू बदक येथेच असते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस तिबेट, लडाख आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि नागपूर परिसरातील तलावांवर हिवाळ्यात दिसतात; पण ते माणसापासून लांब राहतात, म्हणून त्यांची गोष्ट सांगावी आणि दाखवावा परीट. पक्ष्यांना पाव, शेव, कुरमुरे टाकायला मुलांना अजिबात शिकवू नये. त्यांचे अन्न तलावात असते, आणि आपण टाकलेले अन्न पाण्यात कुजते.

हे सारे माझ्या मनातले किंवा परदेशी पद्धतीचे अनुकरण आहे, असे कोणी समजू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ते काम वाढवले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, या विचारातून तेथे कुरणशाळा भरल्या. बिया, पाने, शंख-शिंपले, माती हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. महाराष्ट्राने ज्या गोष्टी ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवल्या, त्यांना आज महागड्या शाळा इंग्रजी नावे देऊन शुल्क आकारतात, हा भाग निराळा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. ज्या वयात दप्तर नसले तरी चालते, त्या वयासाठी या तरतुदीत असा एकही दिवस लिहून ठेवलेला नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे स्पष्ट म्हटले आहे, त्याचा आधार घेऊन मुख्याध्यापकांना थंडीतील सकाळचे तास बाहेर लावता येतील. त्यासाठी नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता आरोग्याची शंका. थंडीत सर्दी-खोकला होतो तो बहुतांशी विषाणूंमुळे, आणि दारे-खिडक्या लावून चाळीस मुले एका खोलीत बसवल्यास तो लवकर पसरतो. मोकळ्या हवेत त्याची शक्यता कमी होते. लहान मुलांचे शरीर वजनाच्या मानाने पृष्ठभागाने मोठे असते, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे एकच जाड जाकीट न घालता कपड्यांचे दोन-तीन पातळ थर घालणे, कान झाकणे, आणि खेळून घाम आला की वरचा थर काढणे. ओले मोजे मात्र लगेच बदलावेत. डोळ्यांविषयीही सांगावेसे वाटते, कारण पहिलीतल्या मुलांच्या नाकावर चष्मे वाढलेले आपण सारेच पाहतो. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर ठेवून तीन वर्षे पाहणी केली गेली; २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लांबचे न दिसण्याचा दोष नव्याने सुरू होण्याचे प्रमाण त्या मुलांत ३०.४ टक्के आणि इतर मुलांत ३९.५ टक्के आढळले. घरातील उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण सावलीतला बाहेरचा उजेडही त्याच्या कित्येक पट असतो.

धूर ही मात्र खरी अडचण आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरच्या उबदार थराखाली अडकून पडते, आणि शेकोट्यांचा, वाहनांचा, कचऱ्याचा धूर तिच्यातच साठून राहतो. ऊन चढल्यावर हवा खालीवर होऊ लागते तेव्हा तो पांगतो. पहाटे सहाच्या धुक्यात मुलांना फिरायला नेण्याची काही पालकांना हौस असते, ती या दिवसांत आवरावी. आणि नऊनंतरही दिशा धूसर दिसत असतील, तर दमा असलेल्या मुलांना वर्गातच ठेवावे.

हे सर्व लिहिल्यावर ज्या मुद्द्यावर प्रशासनाने लक्ष घालावे, तो असा. आमच्या भागातील उद्यान सकाळी फिरायला येणाऱ्यांची वेळ संपली की कुलूपबंद होते आणि दुपारनंतरच उघडते. म्हणजे ज्या वेळी लहान मुलांनी तेथे यावे, नेमकी तीच वेळ बंदची. मी बालवाडीत असताना मुलांना घेऊन फाटकाशी उभी राहिले आहे, आत हिरवळीवर ऊन पसरलेले आणि बाहेर आम्ही; रखवालदार भला माणूस होता, पण त्याच्याजवळ वेळेचा फलक होता आणि आमच्याजवळ काहीच नव्हते. दुसरी गोष्ट पाचोळ्याची. मोठ्यांना उद्यान झाडून-पुसून लख्ख लागते, म्हणून पहाटेच पाने गोळा होतात आणि कोपऱ्यात त्यांना काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर मनाई केली असून साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवलेली आहे. तरी सकाळच्या धुराचा वास कोणाला ओळखू येत नाही असे नाही. तो पाचोळा म्हणजे गांडुळे, वाणी, कोळी, गोगलगायी आणि वर सांगितलेले तपकिरी फुलपाखरू यांचे घर आहे.

म्हणून शहरातील उद्याने ज्या ज्या यंत्रणांच्या ताब्यात आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात उद्याने सकाळी साडेअकरापर्यंत उघडी ठेवावीत, नऊनंतरची वेळ बालवाड्या, अंगणवाड्या आणि पहिली-दुसरीच्या वर्गांना विनाशुल्क द्यावी, प्रत्येक उद्यानात एक कोपरा न झाडता तसाच ठेवावा, आणि त्या वेळेत स्वच्छतागृहाला कुलूप नसावे. शेवटचा मुद्दा कोणाला किरकोळ वाटेल. तीन वर्षांच्या वीस मुलांना घेऊन जो कधी घराबाहेर पडला आहे, त्याला तो वाटणार नाही. मोठ्या उद्यानांपेक्षा वस्त्यांमधील लहान उद्यानांना हे आधी लागू करावे, कारण अंगणवाडीतील मुलांना बसने नेणारे कोणी नसते आणि त्यांच्या खोलीला बहुधा अंगणच नसते. 

संक्रांतीनंतरच्या आठवड्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. नायलॉन मांजावर जुलै २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने देशभर बंदी घातली, तरी जानेवारीच्या मध्यावर नागपुरात झाडाझाडांवर त्याच्या गुंतवळी लोंबत असतात. तो मांजा मुलांच्या गळ्याच्या उंचीवर आला की जीवावर बेततो, आणि पक्ष्यांच्या पंखांत अडकला की ते तडफडून मरतात. मुलांना बाहेर नेण्याआधी मोठ्यांनी जागा फिरून पाहावी, हाताशी आलेला मांजा जाड हातमोजे घालून कापून गोळा करावा. मुलांना त्याला हात लावू देऊ नये. जखमी पक्षी आढळल्यास त्याला पाणी पाजण्याच्या भानगडीत न पडता भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्स येथील वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, कळवावे.

बाकीची काळजी नेहमीचीच, पण जाणकाराने घ्यायची. थंडीत खाजकुइलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची सोनेरी लूस अंगाला लागली की मूल तासन्‌तास रडते, तेव्हा वेलीची ओळख बाईंना आधी हवी. गाजरगवतात मुलांना बसवू नये. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर ते झाड त्या हिवाळ्यापुरते सोडून द्यावे. बिळांत आणि दगडांखाली हात घालायचा नाही, हा नियम आधी शिकवावा आणि मग बाकीचे. तलावाच्या काठी मुलांनी पाण्यापासून किती अंतरावर थांबायचे त्याची रेघ जमिनीवर ओढून दाखवावी. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा तेथे ठरवून दिलेल्या मार्गाने आणि मोठ्या मुलांसहच जावे. लहानांसाठी ती जागा नव्हे.

पालकांनी घरी करण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला काहीही खर्च नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सात-साडेसातला पुरता अंधार होतो. उन्हाळ्यात तारे दिसेपर्यंत लहान मूल पेंगलेले असते. हिवाळ्यात जेवण व्हायच्या आत पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले असते. त्यातले एका ओळीतले तीन तारे चार वर्षांच्या मुलालाही पहिल्याच दिवशी सापडतात, आणि तीच ओळ खाली वाढवत नेली की थोड्या वेळाने उगवणारा व्याध दिसतो. गच्चीवर दहा मिनिटे पुरेत. मोबाइलचा टॉर्च मात्र खाली ठेवून यावे, कारण डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो.

शाळांकडून येणारी सर्वांत सयुक्तिक अडचण माणसांची असते. तीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक ताई एवढ्या बळावर रस्ता ओलांडून उद्यानात जाणे धोक्याचे आहे, हे मला मान्य आहे. पाच-सहा लहान मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. पण नागपुरात माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकांची कमतरता नाही. आमचे पाय अजून चालतात, कुसळी आणि खाजकुइली यांतला फरक आम्हाला कळतो, आणि सकाळी नऊ ते अकरा आम्हाला घरी विशेष काम नसते. पालकसभेत आजी-आजोबांचीही नावे मागवावीत, आठवड्याच्या वारानुसार त्यांची वाटणी करावी, आणि उद्यानाच्या रखवालदाराला आदल्या दिवशी मुख्याध्यापकांचे पत्र द्यावे. शाळांनी सांगितले तर आम्ही येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, नागपूर